दोन काड्या आणि चार स्वभाव

१) बर्लिन, १९०५-०६ चा सुमार. आगकाड्या बनविणाऱ्या 'प्रीस्टर' या कंपनीच्या जाहिरातीसाठी भित्तिपत्रकांची एक स्पर्धा भरली होती. बक्षीस होते दोनशे मार्क. आलेल्या चित्रांपैकी एका चित्रावर परीक्षकांनी ओझरती नजर टाकली आणि त्याला अक्षरशः केराची टोपली दाखवली. जाहिरातकलेच्या इतिहासातील एक मोठे वळण काही काळ त्या टोपलीत पडून होते. ते बाहेर कोणी काढले आणि पुढे त्या माणसांचे काय झाले, त्याची ही हकीकत.

२) आधी ते शहर समजून घेतले पाहिजे. १९०५ मध्ये बर्लिनची लोकसंख्या वीस लाखांच्या घरात पोहोचली होती. ट्रामगाड्या, दुकाने, नाट्यगृहे, वर्तमानपत्रे, आणि या सगळ्यांच्या जाहिराती. भिंतींवर वाटेल तिथे कागद चिकटवले जाऊ नयेत म्हणून एर्न्स्ट लिटफास या मुद्रकाच्या कल्पनेतून १८५५ पासून या शहरात जाहिरातींचे गोल, जाडजूड स्तंभ उभे राहिले होते. एकाच स्तंभावर अनेक भित्तिपत्रके शेजारी शेजारी झळकत. समोरून जाणारा माणूस मात्र घाईत असे.

३) त्या काळची बहुतेक भित्तिपत्रके या घाईचा विचार करीत नसत. नागमोडी वेली, मोकळ्या केसांच्या स्त्रिया, धुराची वलये, कोपऱ्यात नक्षीदार अक्षरे. सुंदर चित्र काढावे आणि त्यात विकायची वस्तू कुठेतरी बसवावी, अशी रीत होती. चित्र न्याहाळायला दोन मिनिटे लागत. ट्राममधून जाणाऱ्याकडे दोन क्षणही नसत.

४) अशा वेळी कंपन्या आणि छापखाने स्पर्धा जाहीर करीत. त्यात दोघांचाही फायदा होता. कंपनीला एका बक्षिसाच्या मोबदल्यात अनेक कल्पना पाहायला मिळत, आणि ज्याची शहरात कोणाशी ओळख नाही अशा तरुणाला आपले काम जाणत्यांच्या टेबलावर ठेवता येई. प्रीस्टरच्या स्पर्धेत भाग घेणारा एक तरुण अगदी असाच होता.

५) त्याचे जन्मनाव एमिल कान. जन्म १८८३, श्टुटगार्टजवळच्या कानश्टाट गावी. म्युनिकमधील एका प्रदर्शनातले भडक रंग पाहून तो इतका भारावला, की वडील परगावी असताना त्याने घरातले सगळे सामान रंगवून काढले; परतलेल्या वडिलांचा संताप पाहून त्याने घर सोडले ते कायमचेच, असे सांगितले जाते. बर्लिनला आल्यावर त्याने नवे नाव घेतले: लुसियन बर्नहार्ड.

६) स्पर्धेसाठी त्याने पहिल्यांदा जे चित्र काढले ते काळाच्या रीतीला धरूनच होते. चौकटीच्या कापडाने झाकलेले टेबल, त्यावर रक्षापात्र, रक्षापात्रात जळती सिगार, शेजारी काडेपेटी, आणि सिगारच्या धुरातून प्रकट होणाऱ्या नर्तिका. एका मित्राने चित्र पाहिले आणि मनापासून दाद दिली: सिगारची जाहिरात फारच छान झाली आहे!

७) बर्नहार्डला चूक कळली. त्याने नर्तिका पुसल्या. मग सिगार गेली, रक्षापात्र गेले, टेबल गेले, कापडही गेले. शेवटी उरल्या दोन मोठ्या काड्या, लाल दांड्यांच्या आणि पिवळ्या टोकांच्या. मागे काळपट तपकिरी-लाल रंगाचा सपाट पडदा, आणि वर ठसठशीत निळ्या अक्षरांत एकच शब्द: प्रीस्टर. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ 'पुरोहित'. पण या चित्रासमोर कोणाला पुरोहित आठवण्याचे कारण उरले नव्हते.

८) परीक्षकांना हे चित्र अपुरे वाटले असल्यास नवल नाही. शेजारच्या नक्षीदार चित्रांच्या मानाने ते आळसात उरकल्यासारखे दिसत असणार. ते टोपलीत गेल्यावर उशिरा पोहोचलेले एक परीक्षक आत आले. त्यांनी ते चित्र बाहेर काढले आणि पहिले बक्षीस यालाच, असा आग्रह धरला. त्यांचे नाव एर्न्स्ट ग्रोवाल्ड.

९) ग्रोवाल्ड चित्रकार नव्हते. होलरबाउम आणि श्मिट या बर्लिनमधील शिळाछाप छापखान्याची विक्री ते सांभाळत. ग्राहक कशासाठी पैसे मोजतो हे त्यांच्याइतके त्या खोलीत क्वचितच कोणाला ठाऊक असेल. इतरांनी चित्रात काय नाही ते पाहिले. ग्रोवाल्ड यांनी रस्त्यावरून जाणाऱ्याला काय दिसेल ते पाहिले. वस्तू आणि तिचे नाव. जाहिरातदाराला याहून अधिक काही नको असते.

१०) इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने क्षणभर थांबावे. केराच्या टोपलीची ही गोष्ट मुख्यत्वे बर्नहार्ड यांच्याच सांगण्यातून पुढे आली. विजेत्याने स्वतःच्या विजयाबद्दल सांगितलेली कथा जितकी चटकदार, तितकी ती जपून वापरावी लागते. ज्याच्याविषयी शंका नाही ते दोनच पुरावे: ते भित्तिपत्रक, आणि त्यानंतर ग्रोवाल्ड व बर्नहार्ड यांनी मिळून केलेले काम.

११) त्या कामातून एक नवा प्रकार रूढ झाला. जर्मन लोक त्याला 'झाखप्लाकाट' म्हणू लागले, म्हणजे वस्तूचे भित्तिपत्रक. सपाट रंग, एक वस्तू, एक नाव. स्टिलरच्या दुकानासाठी एक बूट, मानोलीसाठी सिगारेट, १९१४ मध्ये बॉशसाठी इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग. आज ठळक नाव आणि एकाच वस्तूचे चित्र असलेली कोणतीही जाहिरात पाहावी. तिचे कूळ इथवर नेता येते.

१२) स्पर्धा एका दिवसात संपते; तिच्यातून मिळालेल्या माणसाला रोज काम कसे द्यायचे, हा प्रश्न नंतर सुरू होतो. ग्रोवाल्ड यांचे खरे कर्तृत्व इथे दिसते. होलरबाउम आणि श्मिट यांनी निवडक चित्रकारांशी असे करार केले, की त्यांच्याकडून भित्तिपत्रक हवे असेल तर ग्राहकाने याच छापखान्यात यावे. चित्रकाराला कामाची शाश्वती, छापखान्याला मक्तेदारी.

१३) या मंडळींचे स्वभाव एकमेकांहून किती वेगळे! बर्नहार्ड काढून टाकणारे. चित्रात आणखी काय वगळता येईल हे पाहणारे. व्हिएन्नाहून आलेले यूलियस क्लिंगर (जन्म १८७६) विनोदी साप्ताहिकांत मुरलेले; त्यांच्या रेषेत नेहमी एक मिस्कील चिमटा. हान्स रूडी एर्ट यांनी १९११ मध्ये ओपेल मोटारीसाठी चक्क मोटारच वगळली. चष्मा लावलेला रुबाबदार चालक काढला आणि नावातले गोल अक्षर चाकासारखे ठेवले.

१४) एर्न्स्ट डॉइच यांचा ओढा पोशाखांकडे, पुढे ड्रायडन या नावाने ते हॉलिवूडमध्ये चित्रपटांची वेशभूषा करू लागले. पाउल शॉइरिश यांचा हात नाजूक. त्यांनी नंतर माइसेनच्या प्रसिद्ध कारखान्यासाठी चिनी मातीच्या मूर्ती घडविल्या. एका छापखान्याच्या छत्राखाली काटछाट करणारा, चेष्टेखोर, शौकीन आणि नाजूक कारागीर एकत्र नांदले. सगळ्यांना एकाच साच्यात बसविण्याचा प्रयत्न झाला असता, तर बर्लिनच्या स्तंभांवर इतकी विविधता दिसली नसती.

१५) या कथेतला चौथा स्वभाव मात्र ना चित्रकाराचा, ना विक्रेत्याचा. तो सांभाळणाऱ्याचा. हान्स झाक्स हे बर्लिनमधील दंतवैद्य. अल्बर्ट आइन्स्टाइन हे त्यांच्या रुग्णांपैकी एक. पण त्यांचे खरे वेड भित्तिपत्रकांचे. जी गोष्ट पाऊस धुऊन टाकी किंवा दुसरा कागद झाकून टाकी, ती हा माणूस लहान वयापासून जपून ठेवत होता.

१६) १९०५ मध्ये झाक्स यांनी भित्तिपत्रकप्रेमींची संस्था स्थापन केली. १९१० पासून 'दास प्लाकाट' हे तिचे नियतकालिक निघू लागले, ते १९२१ पर्यंत चालले. सुरेख छपाई, नव्या कामांची समीक्षा, दुसऱ्याच्या कल्पना चोरणाऱ्यांवर टीका. रस्त्यावरच्या कागदाकडे कला म्हणून पाहण्याची सवय या नियतकालिकाने वाचकांना लावली. बर्नहार्ड, क्लिंगर आणि त्यांच्या सोबत्यांची नावे छापखान्याबाहेर पोहोचली ती बऱ्याच अंशी अशा प्रयत्नांमुळे.

१७) मग १९१४ चे महायुद्ध आले आणि काड्या-बूट विकणारे हात युद्ध विकू लागले. बर्नहार्ड यांनी युद्धकर्जासाठी चिलखत घातलेली आवळलेली मूठ काढली, सोबत जुन्या वळणाची जाडजूड जर्मन अक्षरे. क्लिंगर यांनी आठव्या युद्धकर्जासाठी बाणांनी घायाळ झालेला अजगरासारखा राक्षस काढला. एर्ट यांनी पाणबुड्यांच्या चित्रपटाची जाहिरात केली. एक चित्र, एक नाव, सपाट रंग: तंत्र तेच राहिले, माल बदलला.

१८) १९२३ मध्ये बर्नहार्ड न्यूयॉर्कला गेले. बर्लिनमध्ये त्यांच्यासाठी ग्राहक वाट पाहत. अमेरिकेतल्या जाहिरातसंस्थांना हा साधेपणा फारसा रुचला नाही. तिथे त्यांच्यापाशी ग्रोवाल्ड नव्हते. त्यांनी अंतर्गत सजावटीची कामे केली, आणि अमेरिकन टाइप फाउंडर्स या कंपनीसाठी अक्षरांचे टाइप घडविले. 'बर्नहार्ड मॉडर्न' हा १९३७ चा टाइप आजही संगणकांवर सापडतो. ते १९७२ मध्ये न्यूयॉर्कमध्येच निवर्तले.

१९) जे युरोपात राहिले त्यांच्या वाट्याला दुसरे भविष्य आले. क्लिंगर युद्धकाळातच व्हिएन्नाला परतले होते. ते ज्यू होते. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया नाझी जर्मनीत सामील करण्यात आला, आणि जून १९४२ मध्ये क्लिंगर व त्यांच्या पत्नीला मिन्स्कजवळच्या माली त्रोस्तिनेत्स येथे पाठविण्यात आले. तिथे नेलेल्या बहुतेकांना लगेच ठार मारले जाई. दोघेही परतले नाहीत. ज्यांच्या रेषेने दोन राजधान्यांना हसविले, त्यांचा शेवट असा झाला.

२०) झाक्सही ज्यू. १९३८ पर्यंत त्यांच्या संग्रहात सुमारे १२,५०० भित्तिपत्रके जमली होती. त्या वर्षी गोबेल्सच्या आदेशावरून गेस्टापोने संपूर्ण संग्रह जप्त केला. नोव्हेंबरमधील ज्यूविरोधी हिंसाचारात झाक्स यांना अटक होऊन त्यांची रवानगी झाक्सनहाउझेन छावणीत झाली. सुटका होताच त्यांनी कुटुंबासह देश सोडला आणि अखेर अमेरिका गाठली.

२१) संग्रह नष्ट झाला असे समजून त्यांनी १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीच्या सरकारकडून २,२५,००० मार्कांची भरपाई स्वीकारली. काही वर्षांतच त्यांना कळले, की त्यातला एक भाग पूर्व बर्लिनच्या संग्रहालयात शाबूत आहे. मध्ये शीतयुद्धाची भिंत होती. १९७४ मध्ये झाक्स वारले. आपली भित्तिपत्रके त्यांना पुन्हा पाहता आली नाहीत.

२२) त्यांचे पुत्र पेटर झाक्स यांनी पुढे न्यायालयात दाद मागितली. बर्लिनच्या अपील न्यायालयाने मालकी मान्य केली, पण वस्तू परत मागण्याचा हक्क नाकारला. १६ मार्च २०१२ रोजी जर्मनीच्या संघीय न्यायालयाने तो निकाल फिरवला. नाझींनी केलेल्या अन्यायाला मुदतीच्या नियमाआड कायम होऊ देता येणार नाही, असा त्याचा आशय होता. जर्मन ऐतिहासिक संग्रहालयातील चार हजारांहून अधिक भित्तिपत्रके वारसाकडे आली.

२३) जानेवारी २०१३ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचा लिलाव सुरू झाला. न्याय झाला, पण एका माणसाने आयुष्यभर एकत्र ठेवलेला संग्रह अनेकांच्या घरी विखुरला. या निकालाने आनंद मानावा की हळहळावे, यावर तेव्हाही मतभेद होते.

२४) प्रीस्टरच्या स्पर्धेची आठवण आज सहसा एकाच नावाने काढली जाते. पण ते चित्र रस्त्यावर येण्यासाठी वगळण्याचे धाडस असलेला चित्रकार आणि टोपलीत हात घालणारा विक्रेता, दोघांचीही गरज होती. त्या दोन काड्यांच्या मागे एक परंपरा उभी राहिली ती क्लिंगरसारख्या निराळ्या वळणाच्या सोबत्यांमुळे. आणि त्या काळच्या कामाचा इतका मोठा हिस्सा आज पाहायला मिळतो, तो रोज दात तपासून संध्याकाळी कागद सांभाळणाऱ्या एका दंतवैद्यामुळे.