आधी कोणता भाग? संगणकाच्या सुधारणेचा इतिहास

ज्याच्या गाठीशी पाच-सात हजारांची शिल्लक आहे आणि ज्याच्या टेबलावर सहा-आठ वर्षांचा मंदावलेला संगणक आहे, अशा गृहस्थापुढे मेमरी वाढवावी, डिस्क बदलावी की प्रोसेसरच नवा आणावा, हा जो प्रश्न उभा राहतो, तो वरवर पाहता केवळ घरगुती जमाखर्चाचा वाटतो. परंतु या प्रश्नाला चाळीसांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्याचे उत्तर काळाकाळाला बदलत गेले आहे. आणि त्या बदलांच्या मुळाशी कोठे अमेरिकेतील एका कंपनीची घाई, कोठे जपानमधील कारखान्याचा स्फोट, कोठे थायलंडचा महापूर, तर कोठे दिल्ली दरबारची जकात असल्याचे आढळते. संगणकाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी नव्या यंत्रांच्या जन्मतिथी काळजीपूर्वक नोंदवून ठेवल्या. जुनी यंत्रे सामान्य ऐपतीच्या लोकांनी कोणत्या विचाराने चालती ठेवली, याचे दफ्तर मात्र कोणी राखले नाही.

हा प्रश्न सर्रास पडू लागला, याचे मुख्य श्रेय एका विशिष्ट यंत्राला आहे. त्यापूर्वीचे मोठे संगणक पुष्कळदा भाडेपट्ट्याने घेतलेले असत, त्यांची देखभाल बनवणारी कंपनी करी, आणि कपाटाच्या आत काय बदलावे याविषयी ग्राहकाला अधिकार नसे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला, तेव्हा ही स्थिती पालटली. फ्लॉरिडातील बोका रॅटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या नेतृत्वाखाली एका लहान तुकडीने हे यंत्र सुमारे वर्षभरात सिद्ध केले, आणि मुदत इतकी तोकडी असल्यामुळे प्रत्येक भाग स्वतः घडवण्याचा कंपनीचा जुना शिरस्ता बाजूला ठेवून प्रोसेसर इंटेलचा, फ्लॉपी ड्राइव्ह टँडनचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची, असा बाहेरच्या बाजारातून माल जमवला. मंडलांच्या आकृत्यांसह तांत्रिक पुस्तिकाही विक्रीस ठेवली. १,५६५ डॉलरला मिळणाऱ्या मूळ यंत्रात मेमरी होती अवघी १६ किलोबाइट. पण आत पाच स्लॉट होते, मेमरीच्या चिप्ससाठी मोकळ्या रांगा होत्या, आणि गणिती सहप्रोसेसरासाठी एक रिकामी जागाही राखून ठेवलेली होती. त्या रिकाम्या जागा म्हणजे ग्राहकाला मिळालेली एक सनदच होती, असे मी मानतो. कारण यंत्र विकत घेतल्यावर त्याचे पुढे काय करायचे, हे ठरवण्याची मुभा मोठ्या प्रमाणावर मालकाकडे आली.

पहिल्या मालकांनी त्या मुभेचा उपयोग बहुधा मेमरीसाठी केला. नऊ नऊ चिप्सची एकेक रांग बोर्डावर हाताने दाबून बसवायची, ६४ किलोबाइट भरले की पुढची मेमरी स्लॉटमधल्या कार्डावर घ्यायची, असा तो क्रम होता. येथे टंचाई पैशाची होती तशीच जागेचीही होती. पाच स्लॉटांपैकी एक पडद्याच्या कार्डाने, एक फ्लॉपीच्या कार्डाने अडवलेला असे. म्हणून एएसटी या कंपनीचे सिक्सपॅकप्लस हे कार्ड, जे ३८४ किलोबाइटपर्यंत मेमरी, घड्याळ आणि प्रिंटर-मोडेमची जोडणी एकाच फळीवर देई, त्या काळी अतिशय लोकप्रिय झाले. मर्यादित साधनांत अधिकाधिक कार्य साधण्याची बुद्धी या व्यवसायात पहिल्या दोन-तीन वर्षांतच रुजली होती, याचा हा दाखला आहे.

या बुद्धीला शास्त्राचा आधार त्याआधीच मिळालेला होता. आयबीएमच्या सिस्टिम/३६० चे एक प्रमुख शिल्पकार जीन ॲमडाल यांनी १९६७ साली अटलांटिक सिटी येथील परिषदेत जो युक्तिवाद मांडला, त्याचे तात्पर्य असे की, कामाच्या एका अंशाचा वेग कितीही वाढवला तरी एकंदर लाभ त्या अंशाच्या प्रमाणाबाहेर जाऊ शकत नाही. एखाद्या कामाला शंभर सेकंद लागतात, त्यांपैकी तीस सेकंद प्रोसेसर राबतो आणि सत्तर सेकंद तो डिस्ककडून माहिती येण्याची वाट पाहतो, असे समजा. दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणला तर पंधरा सेकंद वाचतील. डिस्कचा विलंब अर्ध्यावर आणला तर पस्तीस. ॲमडाल यांच्याच नावाने ओळखला जाणारा दुसरा एक ठोकताळा आहे, तो समतोलाचा: सेकंदाला दहा लाख आज्ञा पाळणाऱ्या यंत्राजवळ सुमारे एक मेगाबाइट मेमरी असावी. खर्च कोठे करावा, या प्रश्नाचे सारे शास्त्र या दोन विधानांत सामावले आहे. यंत्रातला कोणता भाग इतरांना खोळंबून ठेवतो हे आधी शोधावे, आणि पैसा तेथेच लावावा.

आपल्याकडे हा व्यवसाय उशिरा आणि वेगळ्या परिस्थितीत वाढला. आयबीएमने १९७८ मध्ये भारतातील कारभार आवरला होता. आयातीवर परवान्यांचे आणि जबर जकातीचे ओझे होते. नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने नवे संगणक धोरण जाहीर करून सुट्या भागांच्या आयातीची वाट काहीशी मोकळी केली, आणि १९९१ नंतर ती आणखी रुंदावली. मुंबईत या सुट्या भागांचे केंद्र ठरला लॅमिंग्टन रोड. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव मिरवणारा, आणि पुढे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नामकरण झालेला, ग्रँट रोड स्टेशनजवळचा हा रस्ता आधीपासूनच रेडिओचे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांचा होता. व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर आणि कंडेन्सर यांची पारख असलेल्या त्या पेठेला मदरबोर्ड आणि मेमरी परकी वाटली नाही. पुण्याच्या बुधवार पेठेतील तापकीर गल्लीचे वळणही असेच. कंपनीच्या शिक्क्याचे यंत्र घेण्याची ऐपत नसलेल्या विद्यार्थ्यांचे, लहान छापखान्यांचे आणि हिशेबनिसांचे संगणक अशा पेठांतून ‘असेंबल’ होऊन गेले, आणि ज्याने यंत्र एकेक भाग निवडून जोडून घेतले होते, तो एकेक भाग बदलण्याच्या विचारालाही सहज तयार झाला.

मराठी माणसाच्या दृष्टीने या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे कार्ड मात्र वेग वाढवणारे नव्हते. ज्या काळी संगणकाच्या पडद्यावर रोमन अक्षरांखेरीज काही उमटत नसे, त्या काळी आयआयटी कानपूर येथे भारतीय लिप्यांसाठी सुरू झालेले संशोधन पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये, म्हणजे १९८८ साली स्थापन झालेल्या संस्थेत, परिपक्व झाले आणि ‘जिस्ट’ नावाचे कार्ड बाजारात आले. हे कार्ड साध्या पीसीच्या रिकाम्या स्लॉटमध्ये बसवले की वर्डस्टार, डीबेस यांसारख्या इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावल्यांतून देवनागरी अक्षरे टंकता आणि साठवता येत. ज्या कार्यालयाला मराठीत पत्रव्यवहार करायचा होता, मतदारांच्या वा सभासदांच्या याद्या राखायच्या होत्या, त्याच्या दृष्टीने मेमरी किती आणि प्रोसेसर कोणता हे प्रश्न दुय्यम होते. पहिली तरतूद लिपीच्या कार्डाचीच करावी लागे. कारण जे यंत्र आपली भाषाच लिहीत नाही, ते किती वेगाने लिहीत नाही, याला अर्थ नाही. विंडोजचा प्रसार झाल्यावर अक्षरे चित्रांसारखी रेखाटली जाऊ लागली, मराठी फाँट सॉफ्टवेअरनेच मिळू लागले, विंडोज २००० मध्ये युनिकोडची देवनागरी कार्यप्रणालीतच आली, आणि ते कार्ड काळाच्या उदरात गडप झाले. पाच स्लॉटांतल्या एका रिकाम्या जागेने देवनागरीला आश्रय दिला, ही गोष्ट आपल्या भाषेच्या इतिहासात कोठेतरी नोंदली गेली पाहिजे.

त्याच विंडोजने १९९० नंतर मेमरीचा प्रश्न पुन्हा अग्रभागी आणला. २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ ला किमान चार मेगाबाइट मेमरी चालेल असे अधिकृतपणे सांगितले जाई. प्रत्यक्षात चार मेगाबाइटच्या यंत्रावर तिचा वापर हा धीराची कसोटी पाहणारा होता. मेमरी अपुरी पडली की कार्यप्रणाली तीतील मजकूर हार्ड डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. मेमरीतून एखादी गोष्ट मिळायला त्या काळी साठ-सत्तर नॅनोसेकंद लागत, तर डिस्कवरून मिळायला दहा-बारा मिलिसेकंद. म्हणजे हा फेरा लाखाहून अधिक पटींनी महाग. डिस्कचा दिवा अखंड पेटलेला आणि पडदा गोठलेला, हे दृश्य त्या पिढीतल्या प्रत्येकाच्या स्मरणात असेल. चाराची आठ मेगाबाइट मेमरी केली की तोच संगणक, त्याच प्रोसेसरावर, चालता होई.

पण ही मेमरी घेणे सोपे नव्हते. तीस पिनांच्या सिम नावाच्या पट्ट्या एका वेळी आठ बिट देत आणि ४८६ प्रोसेसर बत्तीस बिट मागे, म्हणून त्या चार-चारच्याच संचाने बसवाव्या लागत. बोर्डावरच्या आठही जागा भरलेल्या असतील तर किमान चार पट्ट्या काढल्याशिवाय वाढ अशक्य; मग काढलेल्या पट्ट्या दुकानदाराला देऊन नव्यांच्या किमतीत सूट मिळवायची, आणि त्या पट्ट्या आणखी कमी ऐपतीच्या कोणाच्या यंत्रात जायच्या, असा व्यवहार चाले. शिवाय भावांचा भरवसा नसे. ४ जुलै १९९३ रोजी जपानमधील निइहामा येथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिप्सच्या आवरणासाठी लागणाऱ्या इपॉक्सी राळेचा जगातील निम्म्याहून अधिक पुरवठा तेथून होत होता, आणि काही आठवड्यांतच मेमरीचे भाव भडकले. पुढे १९९६ मध्ये उत्पादन मागणीच्या पुढे गेले आणि तेच भाव कोसळले. दूरदेशीच्या एका दुर्घटनेवर आपल्या यंत्राची सुधारणा अवलंबून आहे, हे येथल्या ग्राहकाला ठाऊकही नसे. त्याला एवढेच कळे की गेल्या महिन्यातला भाव आज राहिला नाही.

प्रोसेसर बदलण्याचा मोह याच काळात प्रबळ झाला. इंटेलने १९९२ मध्ये जुन्या ४८६ बोर्डावर बसणारे ओव्हरड्राइव्ह प्रोसेसर आणले. ते आत दुप्पट गतीने चालत, पण बाहेरची वाहिनी पूर्वीच्याच गतीची राही. जाहिरातीत आकडा प्रोसेसरचा छापला जाई, म्हणून ग्राहकाचे लक्षही त्याच आकड्यावर खिळे. अभियांत्रिकीची गणिते करणाऱ्याला त्याचा लाभ झाला. पत्रे टंकणाऱ्या आणि हिशेब ठेवणाऱ्या बहुसंख्यांचा त्यावरचा पैसा, माझ्या मते, अस्थानी गेला. १९९६ च्या सुमारास थ्रीडीएफएक्सच्या व्हूडू कार्डापासून खेळांसाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड घेण्याची जी परंपरा सुरू झाली, तिचे गणित निराळे आहे. खेळणाऱ्याला तेच पहिले हवे असते, आणि ते योग्यच आहे.

सर्वांत जास्त उपेक्षा झाली ती डिस्कची. १९८० मधली सीगेटची पाच मेगाबाइटची डिस्क मिनिटाला ३,६०० वेळा फिरे. २००८ मध्ये घरगुती संगणकातली चांगली डिस्क ७,२०० वेळा फिरत होती. अठ्ठावीस वर्षांत साठवण हजारो पटींनी वाढली, प्रोसेसरचे घड्याळ ४.७७ मेगाहर्ट्झवरून तीन हजारांपर्यंत गेले, आणि तबकडीच्या फेऱ्या केवळ दुप्पट झाल्या. मिनिटाला ७,२०० फेऱ्या म्हणजे एका फेरीला ८.३३ मिलिसेकंद, सरासरी अर्धी फेरी वाट पाहण्यात जाते, शिवाय शीर्ष इष्ट जागी सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद लागतात, म्हणजे विखुरलेली माहिती सेकंदाला जेमतेम ऐंशी वेळा मिळणार. उरलेला सारा संगणक तिच्या दारात ताटकळत उभा. २००८ मध्ये इंटेलची एक्स२५-एम आणि तिच्यासारख्या इतर एसएसडी आल्या, ज्यांत फिरणारे काहीच नव्हते आणि विलंब मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यावर आला होता. आरंभी त्या फार महाग होत्या. २०११ मध्ये थायलंडच्या महापुरात डिस्कचे कारखाने बुडाले, जुन्या डिस्कचे भाव चढले. पुढच्या काही वर्षांत एसएसडी उतरत उतरत सामान्यांच्या आवाक्यात आली. एका भागाच्या बदलाने जुन्या यंत्राचा एवढा कायापालट त्यापूर्वी कधी झाला नव्हता. ज्याच्या संगणकात आजही फिरती डिस्क आहे, त्याने दुसऱ्या कोणत्याही भागाचा विचार करण्याआधी एसएसडी घ्यावी; मेमरी आठ गिगाबाइटहून कमी असेल तर त्यानंतर ती वाढवावी; प्रोसेसर सर्वांत शेवटी.

खेदाची गोष्ट अशी की, १९८१ साली मिळालेली ती सनद आता हळूहळू परत घेतली जात आहे. ॲपलने जून २०१२ मध्ये आणलेल्या रेटिना पडद्याच्या मॅकबुक प्रोमध्ये मेमरी बोर्डालाच डाखलेली होती, आणि तेव्हापासून ही रीत अनेक कंपन्यांच्या लॅपटॉपांत पसरली. यंत्र पातळ आणि हलके होते, हे खरे. पण मेमरी कमी पडली तर पूर्ण यंत्रच बदलावे लागते. विंडोज ११ ने टीपीएम २.० ही सुरक्षेची व्यवस्था आणि इंटेलच्या बाबतीत आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आवश्यक ठरवला, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य संपले; त्यामुळे एसएसडी आणि पुरेशी मेमरी घालून उत्तम चालणारी असंख्य यंत्रे केवळ नियमाने बाद ठरली. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, हे स्वागतार्ह पाऊल होते. कायद्याने सक्ती झाल्याखेरीज त्याचे पूर्ण फळ मिळणार नाही.

तोवर वाचकांनी नवा संगणक घेताना दुकानदाराला दोन गोष्टी विचाराव्यात: मेमरीची एखादी जागा रिकामी आहे काय, आणि डिस्क काढून दुसरी बसवता येते काय. दोन्हींचे उत्तर नकारार्थी असेल, तर ते यंत्र कितीही देखणे असले तरी मर्यादित ऐपतीच्या माणसाने घेऊ नये.