पासिंग

आमच्या आज्जाला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण गाडीत माल किती बसतो आणि किती भरावा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पहिल्यांदा त्यानं शिकवलं. कऱ्हाडच्या खाली, कृष्णाकाठी आमचं गाव. घरात लाकडी चाकाची बैलगाडी. बाभळीचे आरे, त्यावर लोहारानं तापवून बसवलेली लोखंडी धाव, आणि आखाला वंगण.

शेणखत असो, ज्वारीची पोती असोत, नाहीतर गुळाच्या ढेपा. गाडी भरून झाली की आज्जा बैल जुंपायच्या आधी पुढं यायचा आणि जू एका हातानं उचलून बघायचा. जू अगदीच हलकं लागलं तर म्हणायचा, “उलाळ हाय. मागचं पुढं घ्या.” जू उचलताना खांदा वाकडा झाला तर म्हणायचा, “धुरंवर बसलीया. पुढचं मागं सारा.” उलाळ गाडी चढाला लागली की जू वर उचलतं आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. धुरेवर जड गाडी उताराला बैलाच्या मानंवर येते. ओझं तेवढंच, पण कुठं ठेवलंय यावर बैल वाचतो की मरतो हे ठरतं. पुढं मी ट्रॉल्या, ट्रक, काय काय बघितलं, पण याहून सोपी परीक्षा बघितली नाही.

आज्जाचा हिशोब मणाचा. चाळीस शेरांचा मण, वीस मणांची खंडी. 1 ऑक्टोबर 1958 पासून देशात किलोची वजनं आली, पण आज्जाच्या डोक्यात ती शेवटपर्यंत शिरली नाहीत. किलोत सांगायचं तर पक्का मण म्हणजे 37 किलो आणि वर थोडं, आणि टन म्हणजे जवळजवळ सत्तावीस मण. आज्जाचा नेम असा होता: पक्क्या सडकेला खंडीभर, माळाच्या चढाला पंधरा मण, आणि पावसात दहा. गाडी तीच, बैल तेच, पण रस्ता बदलला की ओझं बदललं पाहिजे.

पुढं फार वर्षांनी मला कळलं की हाच हिशोब सरकारनंही कागदावर मांडलाय. 1965 साली केंद्र सरकारनं ओझं ओढणाऱ्या आणि वाहणाऱ्या जनावरांसाठी नियम केले. मध्यम बैलाला दोन चाकी गाडीत साध्या चाकावर 700 किलो, हवेच्या टायरवर 1050, बेअरिंग असेल तर 1400. जोडी असेल तर दुप्पट. चढ मोठा आणि लांब असेल तर निम्मं. उन्हाचा पारा 37 अंशांवर गेला तर दुपारी बारा ते तीन जुंपायचंच नाही. मी हे वाचून दाखवलं तेव्हा आज्जा म्हणाला, “मग नवीन काय सांगितलं त्यांनी?”

आमच्याकडं उसाचं राज्य साठ सालानंतर आलं. नगर जिल्ह्यात प्रवरानगरला 1950 साली विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, धनंजयराव गाडगीळ पाठीशी होते. ते बघून कृष्णा-वारणेच्या काठानं कारखाने निघाले. आमच्या भागातला कारखाना निघाला तेव्हा ऊस लाकडी गाडीतनंच जायचा. मग टायरगाडी आली. लोक तिला डनलॉपच म्हणायचे, टायर कुणाचाही असो. लोखंडी धावेची गाडी जिथं खंडीला दमायची, तिथं टायरगाडीत दीड-दोन टन ऊस जायला लागला. बैल तेच होते. चाक बदललं म्हणून ओझं वाढलं, पण बैलाचा खांदा काही वाढला नव्हता. बीड, पाथर्डीकडनं कोयते यायचे, नवरा-बायको मिळून तोडायचे, भरायचे, आणि रात्री गव्हाणीच्या रांगेत बैलाशेजारीच झोपायचे.

माझे थोरले चुलते, तात्या, यांनी बैल विकून ट्रक घेतला. टाटांनी 1954 साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझबरोबर करार करून ट्रक बांधायला घेतले, तेव्हापासून गावाकडं ट्रक म्हणजे मर्सिडीजच. 1969 ला करार संपला, पुढचा तारा गेला आणि टाटांचं ‘टी’ आलं, तरी म्हातारे लोक मर्सिडीसच म्हणत राहिले. तात्यांची गाडी 1210. जुन्यातली घेतलेली. या आकड्याचा अर्थ मला गाडी घरी येऊन दोन वर्षं झाली तरी माहीत नव्हता. पहिले दोन आकडे म्हणजे माल, बॉडी, माणसं सगळं धरून टनांत पूर्ण वजन, आणि पुढचे दोन म्हणजे इंजिनाची ताकद, दहाच्या पटीत. बारा टन, शंभर अश्वशक्ती. म्हणजे गाडीनं किती पेलायचं ते कंपनीनं गाडीच्या तोंडावरच लिहिलेलं होतं. आम्ही रोज ते पुसायचो, हार घालायचो, पण वाचलं नाही.

त्याच सुमाराला मी कारखान्याच्या काट्यावर क्लार्क म्हणून लागलो. भरलेली गाडी आली की वजन, रिकामी होऊन परत गेली की वजन, वजाबाकी करून निव्वळ. चिठ्ठीवर तीनच आकडे. भाडं टनावर, तोडणी टनावर, मुकादमाचं कमिशन टनावर. त्यामुळं सगळ्यांची नजर तिसऱ्या आकड्यावर. चौथा आकडा, म्हणजे त्या गाडीचं पासिंग किती, याला चिठ्ठीवर जागाच नव्हती. अकरा टन, बारा टन निव्वळ मी रात्रभर लिहायचो. एखादा तेरा भरून आला की काट्यावर सगळे बघायला यायचे, जशी काय कुस्ती मारून आला.

तात्यांनी गाडीला मागं दोन पाटे जादा टाकून घेतले होते. पाटे वाढवले की गाडी भरल्यावर खाली बसत नाही, दिसायला ताठ दिसते. सगळ्या ड्रायव्हर लोकांची समजूत अशी की पाटे वाढवले म्हणजे पासिंग वाढलं. तसं ते होत नाही. पाट्याखाली आख तोच राहतो, टायर तेच राहतात, चेसिस तीच, आणि ब्रेक तेच. साखळीत एकच कडी जाड केली तर बाकीच्या कड्या काही जाड होत नाहीत. उलट गाडी खाली बसायची बंद झाल्यामुळं, जादा भरलंय हे सांगणारी एकमेव खूण होती तीही गेली. आज्जा जू उचलून बघायचा. आम्ही ते जूच बांधून टाकलं.

1984 च्या जानेवारीतली गोष्ट. माळावरनं नदीकडं दोनेक किलोमीटरचा उतार आहे. रात्री तात्या ऊस भरून निघाले. बरोबर आमच्याच वाडीतला सतरा वर्षांचा पोरगा, किन्नर म्हणून. डिझेल वाचवायला उताराला गाडी न्यूट्रल करून सोडायची पद्धत होती. तात्यांनी तेच केलं. निम्म्या उतारापर्यंत ब्रेक दाबून दाबून ड्रम तापले आणि पुढं ब्रेक लागेना. गिअरही पडेना. पोरानं चाकाखाली टाकायचा दगड घेतला आणि चालत्या गाडीतनं उडी मारली. दगड पडला, गाडी दगडावरनं गेली आणि त्याचा पाय चाकाखाली आला. ट्रक वळणावर शेतात जाऊन कलंडला. तात्यांना खरचटलं. पोराचा पाय मिरजेला नेऊन गुडघ्याखाली काढावा लागला.

सांडलेला ऊस दुसऱ्या दिवशी टायरगाड्यांत भरून कारखान्यावर आला. सहा गाड्या. काट्यावर मीच होतो. एकेक गाडी घेत गेलो, आणि शेवटची झाल्यावर बेरीज केली. 11 टन 740 किलो. गाडीचं आरसी बुक आण्णांनी पंचनाम्यासाठी माझ्याकडं दिलं होतं, ते खिशात होतं. ते मी तेव्हा पहिल्यांदा उघडून वाचलं. पूर्ण वजन 12,000. रिकामं वजन 4,550. चिठ्ठीच्या पाठीमागं मी वजाबाकी केली: 7,450. एवढाच माल त्या गाडीनं न्यायचा होता. त्यातही टपावरची ताडपत्री, दोर, जॅक, टाकीतलं डिझेल आणि दोन माणसं कापायची. म्हणजे सव्वासात टनाच्या आतच. आणि गाडीवर होता 11,740. जादा 4,290 किलो.

रात्री घरी सगळे बसलेले. आज्जानं विचारलं, “किती होतं?” मी टनात सांगितलं. “मणात सांग.” मी हिशोब केला. जादा झाले 115 मण. पावणेसहा खंडी.

आज्जा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हंजे ट्रक भरल्यावर त्याच्या डोक्यावर माझ्या पावनेसहा गाड्या ठिवल्या. आन् खाली कोन हाय त्ये कुनी बघितलं न्हाई.”

तात्या उठून बाहेर गेले. मीही मान वर केली नाही. कारण त्या हंगामात तात्यांच्या गाडीच्या तेवढ्याच वजनाच्या किती चिठ्ठ्या माझ्या अक्षरात होत्या, ते मला माहीत होतं. कारखान्यानं हात वर केले, ट्रक कारखान्याचा नव्हता. सगळ्या चिठ्ठ्या मात्र कारखान्याच्या होत्या.

पुढं मी या विषयाचा नादच घेतला. गाडी किती ओझं घेऊ शकते याचं गणित अवघड नाही. आरसी बुकातल्या पूर्ण वजनातनं रिकामं वजन वजा करायचं. पण रिकामं वजन पुस्तकातलं घेऊ नये, काट्यावर घालून बघावं. बॉडी बदललेली असते, फाळके उंच केलेले असतात, चिखल बसलेला असतो. मग आखांचं वजन. नुसतं एकूण बरोबर असून भागत नाही. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्यायची, मग पूर्ण गाडी घ्यायची, आणि वजा करायचं, म्हणजे मागच्या आखावर किती आलंय ते निघतं. दोन आखांच्या मोठ्या ट्रकला आधी पुढं 6 आणि मागं 10.2, मिळून 16.2 टन अशी मर्यादा होती. 2018 च्या जुलैत सरकारनं ती पुढं 7 आणि मागं 11.5, मिळून 18.5 केली. तीन आखांचा ट्रक 25 वरनं 28.5 ला गेला. पण हे कायद्यानं दिलेलं तोंड आहे. गाडीच्या पाटीवर कंपनीनं कमी लिहिलं असेल तर कमीच धरायचं, आणि टायरच्या कडेला जेवढा भार छापलाय तो त्याच्याहून कमी असेल तर तो धरायचा. सगळ्यांत लहान आकडा तो खरा.

रस्त्याचं गणित याहून कडक आहे. अमेरिकेत इलिनॉयमध्ये 1958 ते 60 साली ट्रक फिरवून फिरवून प्रयोग केले, त्यातनं निघालं की आखावरचा भार वाढला की रस्त्याची झीज त्याच्या साधारण चौथ्या घातानं वाढते. म्हणजे दीडपट ओझं टाकलं तर झीज पाचपट. आमच्या कारखान्याचा रस्ता दरवर्षी का उखडतो याचं उत्तर आम्ही कंत्राटदारात शोधायचो. तो असेलही त्यात, पण निम्मं उत्तर माझ्या चिठ्ठ्यांत होतं.

कायदा हळूहळू कडक झाला. 2005 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नुसता दंड घेऊन जादा भाराची गाडी पुढं सोडता येणार नाही, जादा माल उतरवलाच पाहिजे. 2019 मध्ये दंड दोन हजारांवरनं वीस हजार झाला आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. तरी हंगामात रस्त्यावर काय दिसतं ते सगळ्यांना माहीत आहे.

आता ट्रकही कमी झाले. ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, आणि मोठ्यानं गाणी. तात्यांच्या नातवाचा असा ट्रॅक्टर आहे. गेल्या साली तो म्हणाला, “आबा, चढाला पुढची चाकं उचलत्यात. पुढं दोन पोरं उभी करतो मी बंपरवर.” मी म्हणालो, “पोरं नको उभी करू. ऊस भरलेला मागं-पुढं बघ.” दोन चाकी ट्रॉलीचं ओझं पुढं सरकलं की ते हुकावर येतं आणि ट्रॅक्टरचं नाक उचलतं. मागं गेलं की हुक वर उचलतो, मागच्या चाकांची पकड जाते आणि ट्रॉली शेपटासारखी हलते. उलाळ आणि धुरेवर जड, दुसरं काही नाही. पण ट्रॉलीचा हुक एका हातानं उचलून बघता येत नाही, म्हणून काट्यावर जावं लागतं. मी त्याला घेऊन गेलो, वजनं घेतली, आरसी बुक उघडलं आणि वजाबाकी त्यालाच करायला लावली. आकडा बघून तो म्हणाला, “एवढ्यात परवडत न्हाई आबा.” तेही खरं होतं. भाडं टनावरच आहे अजून.

काट्याच्या बाहेर चहाची टपरी आहे. ती त्या किन्नर पोराची. आता साठीला आलाय. कुबडी बाजूला ठेवून बसतो. मी नातवाला तिथं नेलं, तिघांनी चहा घेतला. त्यानं पोराकडं बघितलं, मग बाहेर उभ्या ट्रॉल्यांकडं, आणि एवढंच विचारलं, “किती पासिंग हाय रं तुझं?”

नातवानं आकडा सांगितला. काट्यावरचा नाही, बुकातला.