मेइजी सम्राट आणि जपानच्या शाळा



जपान म्हटले की उत्तम यंत्रे आणि वेगवान रेल्वे आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु पावणेदोनशे वर्षांपूर्वी हाच देश परकीयांसाठी आपली दारे जवळजवळ बंद करून बसला होता. सम्राट क्योतो येथील राजवाड्यात राहत. खरी सत्ता मात्र एदो शहरातील 'शोगुन' या सरसेनापतीच्या हाती होती.

अशा काळात, 3 नोव्हेंबर 1852 रोजी क्योतो येथे राजपुत्र मुत्सुहितो यांचा जन्म झाला. पित्याच्या निधनानंतर 1867 साली, अवघ्या चौदाव्या वर्षी, ते गादीवर आले. त्याच वर्षी शोगुनाने सत्ता सोडली. सम्राट कोवळ्या वयाचे असल्याने त्यांच्या नावाने कारभार मंत्रीच पाहत. 1868 साली सम्राटांनी पाच कलमांची शपथ घेतली. जगभरातून ज्ञान मिळवावे, हा तिच्या शेवटच्या कलमाचा आशय होता. त्यांच्या राजवटीला 'मेइजी', म्हणजे प्रबुद्ध राज्य, असे नाव मिळाले. एदोचे तोक्यो झाले. 1872 साली तेथून योकोहामापर्यंत पहिली रेल्वे धावू लागली.

त्याच 1872 साली शिक्षणाचा कायदा झाला. देशभर 53,760 प्राथमिक शाळा काढाव्यात आणि मुलामुलींनी शिकावे, अशी ती योजना होती. मग सारी मुले लगेच शाळेत आली काय? मुळीच नाही! फी पालकांनाच भरावी लागे. शेतात राबणारा मुलगा आणि धाकटे भावंड सांभाळणारी मुलगी शाळेत धाडणे गरिबाला परवडत नसे. 1873 साली काही भागांत संतापलेल्या शेतकऱ्यांनी शाळाही जाळल्या. त्या वर्षी मुलींपैकी सुमारे पंधरा टक्केच शाळेत होत्या.

परंतु प्रयत्न थांबले नाहीत. 1871 साली अमेरिकेला पाठविलेल्या पाच मुलींमध्ये सहा वर्षांची त्सुदा उमेको होती. अकरा वर्षांनी ती परतली, तेव्हा मातृभाषाही विसरली होती. तिने ती पुन्हा शिकून घेतली आणि 1900 साली तोक्योत मुलींसाठी उच्च शिक्षणाची शाळा काढली. त्याच साली सरकारने प्राथमिक शाळांची फी रद्द केली. दोनच वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांची नावे शाळेच्या पटावर आली.

मित्रहो, इतिहासाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. 1890 साली निघालेल्या शिक्षणविषयक राजाज्ञेने मुलांना सम्राटनिष्ठेचे धडे दिले. जपानने चीन आणि रशियाशी युद्धे केली आणि 1910 साली कोरिया गिळंकृत केला. 30 जुलै 1912 रोजी सम्राट निवर्तले, तेव्हा जपान बलाढ्य झाला होता. परंतु शेजाऱ्यांना त्याची धास्ती वाटू लागली होती. विद्येला न्यायबुद्धीची जोड नसेल, तर ती दुसऱ्याच्या नाशालाही कारण होते.

पालकहो, वाचण्याच्या आज्ञेने ज्या ग्रंथाचे अवतरण सुरू झाले, त्याचे आपण अनुयायी आहोत. जपानच्या इतिहासातून आपण एवढे ध्यानी घेऊ या: राजाच्या फर्मानाने शाळा उघडतात, पण भरत नाहीत. गरिबाच्या फीची सोय झाली आणि घरातली मुलगीही दप्तर घेऊन उंबऱ्याबाहेर पडली, तरच त्या भरतात. पहिले काम समाजाने करावयाचे आहे. दुसरे तुमच्या-माझ्या घरात व्हावयाचे आहे.