उधारीची वही आणि गिऱ्हाइकाचे तोंड

माल वाईट निघाला तर गिऱ्हाइकाने तक्रार करावी, हे आज आपल्याला सरळ वाटते. आपल्याकडे १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, २०१९ साली त्याच्या जागी नवा आला. परंतु श्रोतेहो, तक्रारीसाठी आधी तोंड उघडता यावे लागते, आणि गरिबाला ते कधी उघडता आले याचा इतिहास कायद्याच्या पुस्तकात नाही. त्यासाठी इंग्लंडातल्या रॉचडेल गावी जावे लागेल.

मँचेस्टरजवळचे हे गाव फ्लॅनेल विणणाऱ्यांचे. १८४० नंतरची वर्षे तेथे उपासमारीची गेली. मजुरीवाढीसाठी विणकरांनी केलेली खटपट फसली. आणि जी मजुरी हाती पडे, तिचे बाजारात काय होई? त्या काळी इंग्लंडात पाव पांढराशुभ्र दिसावा म्हणून पिठात तुरटी घालीत. एकदा उकळलेली चहाची पाने वाळवून पुन्हा विकीत. डॉ. आर्थर हॅसल यांनी १८५१ पासून असा माल सूक्ष्मदर्शकाखाली तपासून अहवाल छापले, तेव्हा कुठे सभ्य समाज दचकला. आमचा तर्क असा की, विणकराच्या बायकोला सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती. तिला सर्व कळत होते, पण ती बोलत नव्हती.

कशी बोलणार? तिचे नाव दुकानदाराच्या वहीत होते. मजुरी मिळेपर्यंत चूल त्याच्या उधारीवर पेटायची. ज्याचे देणे आहे त्याच्या तराजूकडे बोट दाखवता येत नाही, आणि खाते फिटेपर्यंत दुसऱ्या दुकानाची पायरीही चढता येत नाही. काही ठिकाणी तर मालक मजुरीच्या बदल्यात आपल्याच दुकानचा माल गळ्यात मारीत. १८३१ च्या कायद्याने ती रीत बंद ठरवली. पण उधारीला कोणता कायदा बंद करणार?

अशा गावात २८ माणसांनी आठवड्याला दोन-तीन पेन्स बाजूला टाकून प्रत्येकी एक पौंड जमवला. २१ डिसेंबर १८४४ च्या संध्याकाळी टोड लेन या गल्लीत त्यांचे दुकान उघडले. माल कोणता, तर थोडे लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या. आमच्या संघटनेच्या कचेरीतल्या कपाटातही यापेक्षा अधिक सामान निघेल! पण त्यांच्या नियमांत एक कलम होते: खरेदी रोख, विक्रीही रोख. जो अधिकारी हे मोडील त्याला दहा शिलिंग दंड, आणि तो त्या जागेस अपात्र. याच गावात १८३३ साली निघालेले असेच एक दुकान दोन वर्षांत बुडाले होते, आणि त्याला उधारीच नडली होती.

हा नियम कठोर होता. ज्याच्या हाती रोख पेनीही नाही त्याला तो दाराबाहेरच ठेवीत होता, हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही, आमच्या मते, गिऱ्हाइकाचे तोंड त्यानेच मोकळे केले. देणे नाही, तेव्हा भीती नाही. दर तिमाहीस सभासदांची सभा भरे; भाग कितीही असोत, माणशी मत एकच, आणि स्त्रियांनाही सभासद होता येई. नफा वाटला जाई तो ज्याने जितकी खरेदी केली त्या मानाने. गंमत अशी की, तक्रार करणारा आणि उत्तर देणारा आता एकच झाला. पीठ वाईट निघाले तर चिटणिसाला जाब विचारायचा. पण त्या चिटणिसाला निवडले कोणी? १८४५ च्या अखेरीस सभासद ७४ झाले आणि वर्षाची विक्री ७१० पौंड. १८६० साली सभासद ३,४५० होते.

आपल्याकडे हा विचार उशिरा आला. १९०४ चा सहकारी कायदा केवळ पतपेढ्यांचा होता. १९१२ च्या कायद्याने दुकानालाही वाट झाली. मुंबईच्या गिरणगावात मात्र वाण्याची वही चालूच राहिली. १९३१ साली शाही मजूर आयोगाच्या अहवालात कामगारांच्या कर्जबाजारीपणाची सविस्तर चर्चा झाली. १९४८ साली नायगावात गिरणी कामगारांचे सहकारी दुकान निघाले, तेच पुढे अपना बाजार झाले. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे गट करून एकत्र खरेदीचा मार्ग धरला.

आता वाण्याची वही मोबाइलमध्ये गेली आहे. आज घ्या, पुढल्या महिन्यात द्या. सहकारी दुकानेही आहेत. अशाच एका दुकानाचे सभासद खडे निघालेला तांदूळ पुडीत बांधून अधूनमधून आमच्याकडे येतात, कामगारांचा माणूस म्हणून. आम्ही पुडी उघडून पाहतो, खडे मोजतो आणि विचारतो, "गेल्या वार्षिक सभेला आला होतात का?"

बहुतेकांचे उत्तर ठरलेले: "नाही हो साहेब, त्या दिवशी दुपारपाळी होती."