शेवट ठाऊक असलेली रहस्यकथा

वैशाखातले यवतमाळचे ऊन दिवसभर सोसून संध्याकाळी जो व्याख्यानाला येऊन बसतो, त्याच्या पदरात काही तरी पडलेच पाहिजे. म्हणून प्रास्ताविकात वेळ न दवडता विषयालाच हात घालतो. आजचा विषय दूरचित्रवाणीवरील रहस्यमालिकांचा आहे. त्यातही एका विशिष्ट प्रकाराचा. एखादा गुप्तहेर किंवा एखादे रहस्यमय पात्र लोकांच्या चांगल्या परिचयाचे होते, त्याचा शेवटही सांगून होतो आणि मग कथाकार मागे फिरून त्याच पात्राच्या उमेदवारीच्या दिवसांची हकीकत सांगू लागतो. हिला आम्ही पूर्वकथा म्हणतो.

हा विषय आमच्या एका वृद्ध स्नेह्यांच्या कानावर घातला, तेव्हा ते हसून म्हणाले, "अहो, नायक कुठे पोचणार हे आधीच ठाऊक असेल, तर रहस्य उरले कुठे? खुनी कोण हे शेजाऱ्याने सांगून टाकल्यावर पुस्तक वाचनालयात परत करावे, हेच बरे!" आक्षेप बिनतोड वाटतो खरा. पण ज्या महाराष्ट्राने कीर्तने ऐकली, त्याला तो शोभत नाही. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाला आरंभ झाला आणि पुढे आठवड्यामागून आठवडे छप्पन्न गीते लोकांनी रेडिओभोवती बसून ऐकली. रावण मरणार की नाही, या चिंतेने कोणी बसले होते काय? शिवाय त्या काव्याची मांडणीच मागे वळून पाहणारी आहे. कुश आणि लव रामाच्या सभेत रामालाच त्याचे चरित्र गाऊन दाखवितात. गाणारे कोण आहेत हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते, आणि सारी हुरहूर तेथेच आहे. त्या काव्याचे कर्ते ग. दि. माडगूळकर १९७३ साली आपल्या यवतमाळात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, हे येथे अनेकांना स्मरत असेल. तात्पर्य, शेवट ठाऊक असल्याने गोडी जात नाही. ती जागा बदलते. 'काय झाले' हा प्रश्न मागे पडतो आणि 'कसे झाले' हा पुढे येतो.

आता रहस्यकथेकडे वळू. मराठीत या प्रकाराला घरोघर नेण्याचे श्रेय बाबूराव अर्नाळकरांचे. हजाराहून अधिक पुस्तके लिहिणारा हा लेखक. त्यांचा झुंजार आणि त्यांचा काळापहाड यांच्या पुस्तकांसाठी गावोगावच्या वाचनालयांत नंबर लागत. हे नायक वाचकासमोर येत ते तयार होऊनच. नायकाला पहिली चूक केव्हा झाली, त्याला ही विद्या कोणी शिकविली, हे विचारण्यास वाचकालाही सवड नसे. दर महिन्याला नवे पुस्तक हवे, नायकही तोच हवा. तेव्हा त्याचे वय वाढून कसे चालेल? मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले आणि पुढे 'हॅलो इन्स्पेक्टर'सारख्या मालिका आल्या, त्यांनीही हाच शिरस्ता पाळला. गुन्हा, तपास, उलगडा, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा गुन्हा.

मात्र नायकाच्या आरंभाची हकीकत मागाहून सांगण्याची युक्ती आपल्या देशात जुनी आहे. बंगालीतील शरदिंदु बंदोपाध्यायांचा ब्योमकेश बक्षी आपल्याकडे १९९३ साली बासु चॅटर्जी यांच्या हिंदी मालिकेमुळे परिचित झाला. ब्योमकेश आणि त्याचा मित्र अजित यांची पहिली भेट ज्या कथेत होते, ती 'सत्यान्वेषी' ही लेखकाने आधी लिहिलेली नाही. 'पथेर काँटा' वगैरे कथा तिच्या आधीच्या. म्हणजे माणूस आधी वाचकांच्या परिचयाचा झाला आणि मग लेखकाने त्याचा आरंभ रचिला. चरित्रकारही हेच करतो. कोणाचेही बालपण त्याच्या कर्तृत्वानंतरच लिहिण्याजोगे ठरते.

या प्रकाराचे नियम एकत्र पाहावयाचे तर इंग्रजांच्या एका मालिकेचा दाखला घ्यावा लागेल. कॉलिन डेक्स्टर या लेखकाचा मोर्स हा ऑक्सफर्ड शहरातील पोलीस अधिकारी. संगीताचा आणि शब्दकोड्यांचा नादी, एकटा, थोडा तिरसट. १९८७ ते २००० या काळात त्याच्यावर तेहतीस भागांची मालिका झाली आणि शेवटच्या भागात मोर्स मरण पावला. ती भूमिका करणारे जॉन थॉ हेही २००२ साली वारले. येथे सारे संपावयास हवे होते. परंतु २०१२ मध्ये 'एंडेव्हर' नावाची मालिका आली. तीत १९६५ सालचा तरुण मोर्स दाखविला आहे. ती २०२३ पर्यंत चालली आणि तिच्या कथेचा काळ १९७२ पर्यंत आला. एंडेव्हर हे मोर्सचे पाळण्यातले नाव. मूळ कादंबऱ्यांत ते वर्षानुवर्षे लपवून ठेविले होते आणि १९९६ च्या कादंबरीत उघड झाले. म्हणजे पहिल्या मालिकेचे गुपित हेच दुसरीचे शीर्षक झाले.

या मालिकेवरून पूर्वकथेचे दोन-तीन नियम स्पष्ट दिसतात. पहिला असा की, दर भागातला गुन्हा नवा असला, तरी नायकाच्या जिवाला धोका दाखवून उपयोग नाही. तो जगणार हे प्रेक्षक जाणतो. त्यामुळे धोका त्याच्या स्वभावाला, त्याच्या मैत्रीला, त्याच्या प्रेमाला दाखवावा लागतो. पहिल्याच कथेच्या शेवटी तरुण मोर्सला त्याचा वरिष्ठ विचारतो, वीस वर्षांनी तू कोठे असशील? तरुण मोटारीच्या आरशात पाहतो, आणि आरशात दिसतात ते वृद्ध मोर्सचे, म्हणजे जॉन थॉ यांचे डोळे. त्या तरुणाला पुढचे काहीच ठाऊक नाही. आपल्याला सारे ठाऊक आहे.

दुसरा नियम मौनाचा. या पूर्वकथेत फ्रेड थर्सडे नावाचा वरिष्ठ अधिकारी आहे. तो मोर्सचा गुरू, जवळजवळ बापच. पण मूळ मालिकेत वृद्ध मोर्स त्याचे नावही कधी काढीत नाही. कारण उघड आहे; ती लिहिली तेव्हा थर्सडे कोणाच्या कल्पनेतही नव्हता. परंतु कथेच्या आत हे कारण सांगता येत नाही. एवढा जिवाभावाचा माणूस आयुष्यभर अनुल्लेखित का राहिला, याचे उत्तर पूर्वकथेला द्यावेच लागते. शेवटच्या भागात ते दिले आहे. गुरूच्या हातून घडलेले एक कृत्य झाकून ठेवण्यासाठी शिष्य कायमचा गप्प राहतो. लेखनातली अडचण येथे पात्राचे शील बनली. इतिहासाच्या अभ्यासकालाही ही शिकवण उपयोगाची आहे. कागदात जे नाव येत नाही, ते का येत नाही, हेही विचारावयाचे असते.

आपल्या मराठीतही अशी पूर्वकथा होऊन गेली. २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' ही कोकणातल्या नाईकांच्या वाड्याची मालिका आली. तिचा आरंभच अण्णा नाईकांच्या मृत्यूने झाला. मग घरातील संशय, भीती आणि पोलिसांचा तपास. २०१९ च्या जानेवारीत तिचा दुसरा भाग सुरू झाला, आणि तो मात्र पहिल्याच्या मागे गेला. आता अण्णा जिवंत होते. माधव अभ्यंकरांनी उभा केलेला हा गृहस्थ जुलमी, लंपट आणि क्रूर. तरी घराघरांतून त्याची नक्कल होऊ लागली आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता तर सर्वतोमुखी झाली. तेथे गुप्तहेर नायक नव्हता, हे खरे. परंतु आधी प्रेत, मग चौकशी आणि त्यानंतर त्या मेलेल्या माणसाचा भूतकाळ, असा उलटा क्रम मराठी प्रेक्षकांनी आनंदाने स्वीकारला.

त्यात एक धोकाही दिसला. माणूस असा का झाला, हे दररोज अर्धा तास पाहत बसले की त्याच्याविषयी माया वाटू लागते. ज्या माईने त्याचा जाच सोसला, ती मागे पडते आणि जाच करणारा लाडका होतो. आपल्या पुराणांनीही दुष्टाची पूर्वकथा सांगितली आहे. रावण आणि कुंभकर्ण हे पूर्वी वैकुंठाचे द्वारपाल जय-विजय होते. परंतु पुराणिक ती कथा सांगून रावणाला सोडून देत नाही. कारण सांगतो आणि शासनही सांगतो. हा तोल मालिकावाल्यांनी सांभाळावयास हवा.

आता तिसरा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा नियम. तो पटावा म्हणून तुमच्याच गावाचे उदाहरण घेऊ. समजा, कोणी एक मालिकाकार यवतमाळच्या एखाद्या वृद्ध, निवृत्त निरीक्षकाची पूर्वकथा लिहावयास बसला आणि त्याने काळ निवडला १९५५ चा. धोतर, टोपी, कंदील, सायकल यांची जुळवाजुळव होईल. मूर्तिजापूरकडे संथपणे जाणारी छोट्या रुळांची गाडीही दाखविता येईल. पण एवढ्याने १९५५ साल उभे राहत नाही. आपला निरीक्षक त्या वर्षी मध्य प्रदेश राज्याचा नोकर आहे. त्याची राजधानी नागपूर, त्याचे उच्च न्यायालय नागपूरचे. मुंबईचा हुकूम त्याला लागू नाही. त्याच्या खिशात आणे आहेत, कारण नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले. तो खुनाचा गुन्हा नोंदवितो तो दंड संहितेच्या ३०२ कलमाखाली. आजच्या फौजदाराप्रमाणे तो १०३ म्हणाला, तर प्रेक्षकाने तेथेच हसावे, कारण नवी न्याय संहिता १ जुलै २०२४ पासूनची. बोटांचे ठसे त्याला मिळतील. ती विद्या कलकत्त्याच्या कचेरीत १८९७ पासून चालू होती. कापसाच्या गासडीवरचा डाग माणसाच्या रक्ताचा आहे, एवढेही रासायनिक परीक्षक सांगेल. परंतु ते रक्त नेमके कोणाचे, हे सांगणारी डीएनएची परीक्षा १९८४ नंतरची. ती त्याला उसनी देता येणार नाही. त्याला माणसे ओळखूनच खुनी शोधावा लागेल.

ही झाली वस्तूंची आणि कायद्यांची गोष्ट. याहून अवघड गोष्ट माणसाच्या मनाची. १९५५ च्या त्या पावसाळ्यानंतर यवतमाळच्या एखाद्या ओट्यावर आपला निरीक्षक चार मंडळींत बसला आहे. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल नुकताच बाहेर आला आहे. त्या आयोगाने विदर्भाचे स्वतंत्र राज्य व्हावे अशी शिफारस केली होती. वणीचे लोकनायक बापूजी अणे हेही स्वतंत्र विदर्भाचे पुरस्कर्ते. दुसरीकडे १९५३ च्या नागपूर कराराने एकत्र मराठी राज्याचा मार्ग आखलेला. ओट्यावर वाद रंगला असेल. पुढे १९५६ च्या नोव्हेंबरात जिल्हा विशाल द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला, हे आपण जाणतो. त्या ओट्यावर बसलेल्या एकालाही ते ठाऊक नव्हते. कोणाला आशा होती, कोणाला भीती होती; खात्री कोणालाच नव्हती. मालिकाकाराने जर त्यातल्या एकाच्या तोंडी "पाच वर्षांत पाहा, आपण महाराष्ट्रात असू" असे ठाम वाक्य घातले, तर टाळ्या पडतील, पण कथा खोटी होईल. त्या माणसाचे अज्ञान हेच त्याच्या काळाचे सत्य आहे.

पूर्वकथेचा कस येथे लागतो. कथाकाराला शेवट ठाऊक आहे, प्रेक्षकाला ठाऊक आहे. पात्राला मात्र तो ठाऊक असता कामा नये. तसेच घडलेले सारे घडणारच होते, असा भास कथेने निर्माण करू नये. इतिहास वाचताना आपणही हीच चूक करतो. निकाल हातात धरून मागे जातो आणि वाटेतल्या प्रत्येक माणसाला विचारतो, तुला एवढेही कळले नाही काय? ज्यांचा पक्ष पुढे हरला, ते आपल्याला वेडे वाटतात. ज्यांचा जिंकला, ते द्रष्टे. वास्तविक दोघेही सारख्याच अंधारात, आपापला कंदील घेऊन चालत होते. या जिल्ह्याचे नावच १९०५ पर्यंत वणी होते. तेव्हाच्या माणसाला आपण 'यवतमाळ जिल्ह्याचा' म्हणून हाक मारली, तर तो वळूनही पाहणार नाही. त्याला त्याच्या नावाने हाक मारणे, एवढी सभ्यता मागच्या पिढ्यांच्या बाबतीत आपण पाळावयास हवी.

आमच्या वृद्ध स्नेह्यांना आम्ही शेवटी हेच सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग आपण होऊन बोलू लागले. ज्या वर्षी नोकरी लागली, त्या वर्षी ती टिकेल असे वाटत नव्हते. ज्या मुलीला नकार दिला, तिच्या भावाशी पुढे जन्माची मैत्री जडली. शेत विकले तेव्हा शहाणपण वाटले होते. साठ वर्षांपूर्वीचा एक गोंधळलेला तरुण आमच्यासमोर बसला होता. त्याचा शेवट आम्हाला दिसत होता, आणि तरीही पुढे काय झाले हे ऐकण्यासाठी आम्ही जागचे हललो नाही.

श्रोतेहो, आज घरी गेल्यावर आपल्या घरातील वडीलधाऱ्यांजवळ घटकाभर बसा. तेव्हा काय घडले, हे ते न विचारताही सांगतील. पुढे काय घडेल असे त्या वेळी वाटत होते, एवढे मात्र आवर्जून विचारा.