माशांच्या स्नायूंतील मेदाचे मापन : निष्कर्षणापासून वर्णपटापर्यंत

माशांच्या स्नायूंतील मेदाचे प्रमाण पोषण, साठवण व व्यापार या तिन्ही दृष्टींनी महत्त्वाचे असते. संथ रासायनिक पद्धतीची जागा शीघ्र प्रकाशीय पद्धतीने घेतली, असा या मापनाचा इतिहास सामान्यतः सांगितला जातो. प्रत्यक्षात दुसरी पद्धत पहिलीच्याच आधारावर उभी आहे.

कॅनडातील हॅलिफॅक्स येथे ब्लाय व डायर हे गोठवलेल्या माशांतील मेदाच्या विघटनाचा अभ्यास करीत होते. त्यातूनच १९५९ मध्ये त्यांनी क्लोरोफॉर्म व मिथेनॉल यांच्या साहाय्याने मेद वेगळा करण्याची पद्धत मांडली. निष्कर्षणास सुमारे १० मिनिटे पुरत. मात्र नमुन्याचा लगदा करावा लागे आणि विषारी द्रावके हाताळावी लागत.

याच सुमारास वर्णपटीय मापनाचा पाया मत्स्यविज्ञानाबाहेर घातला गेला. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील केंद्रात कार्ल नॉरिस यांनी १९६० च्या दशकात धान्यातील ओलावा मोजण्यासाठी निकट-अवरक्त किरणांचा उपयोग केला. मेदातील कार्बन-हायड्रोजन बंध सुमारे ९३० नॅनोमीटर तरंगलांबीजवळ, तर पाणी ९७० नॅनोमीटरजवळ या किरणांचे शोषण करते. हे पट्टे रुंद असून परस्परांत मिसळतात. त्यामुळे बहुचल सांख्यिकीची जोड आवश्यक ठरली. नॉर्वेतील येर्दे व मार्टेन्स यांनी १९८७ मध्ये रेनबो ट्राउट माशासाठी, तर इसाकसन व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये सॅमनच्या अखंड तुकड्यांसाठी ही पद्धत वापरली. नमुना नष्ट न करता मेद मोजणे आता शक्य झाले.

परंतु हे उपकरण मेदाचे वजन करीत नाही. ज्यांचा मेद रासायनिक पद्धतीने आधीच ठरविला आहे, अशा नमुन्यांच्या वर्णपटांवरून ते अनुमान काढते. संदर्भमूल्यातील दोष अनुमानातही उतरतो. शिवाय माशांत मेद वाढला की पाणी घटते; म्हणून समीकरण मेदाऐवजी पाण्याच्या संकेतावरही विसंबू शकते. सुकविलेल्या माशात हा संबंध बदलतो आणि ते समीकरण फसते. सॅमनसाठी तयार केलेले समीकरण बांगड्याला किंवा तारलीला जसेच्या तसे लावता येत नाही, त्याचेही कारण असेच आहे.

सारांश, प्रकाशीय पद्धतीने रासायनिक विश्लेषणाची वारंवारता घटविली, आवश्यकता नव्हे. निष्कर्षणाचे कौशल्य प्रयोगशाळांतून लुप्त झाल्यास उपकरणाने दर्शविलेला आकडा पडताळण्याचे साधनच उरणार नाही.