कारखान्यांचे शेअर घेताय? ऑर्डरचा आकडा नव्हे, हाती येणारा पैसा बघा

उसाचं बिल, रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला किंवा निवृत्तीची रक्कम हातात आली की मोबाइलवर मेसेज येऊ लागतात : 'अमुक कंपनीला मोठी ऑर्डर मिळाली, शेअर घेऊन टाका.' पंप, इंजिन, पवनचक्क्या बनवणाऱ्या किंवा रस्ते बांधणाऱ्या कंपन्या ग्रामीण भागात रोजच्या पाहण्यातल्या असतात. त्यामुळे भरवसा लवकर बसतो. पण कंपनी ओळखीची असणं आणि तिचा शेअर परवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सहकारी साखर कारखान्याचा शेअर यात येतो का?

नाही. सहकारी कारखान्यात सभासदाचे शेअर कितीही असले तरी मत एकच असतं आणि तो शेअर शेअर बाजारात विकता येत नाही. नोंदणीकृत कंपनीच्या साध्या शेअरला मात्र जितके शेअर तितकी मतं असतात. त्याचा भाव रोज वर-खाली होतो आणि तो डिमॅट खात्यात ठेवावा लागतो.

औद्योगिक क्षेत्र म्हणजे कोण?

दुसऱ्यांच्या धंद्याला लागणारी यंत्रं, उपकरणं आणि बांधकाम पुरवणाऱ्या कंपन्या. पलूस तालुक्यातल्या किर्लोस्करवाडीत 1910 पासून कारखाना असलेली, पंप बनवणारी किर्लोस्कर ब्रदर्स, फलटणला कारखाने असलेली इंजिन उत्पादक कमिन्स इंडिया, मोठी बांधकामं करणारी लार्सन अँड टुब्रो, वीज केंद्रांची यंत्रं बनवणारी सरकारी भेल ही ओळखीची नावं. ही फक्त उदाहरणं आहेत, खरेदीची शिफारस नव्हे.

या कंपन्यांचं गिऱ्हाईक म्हणजे सरकार, वीज कंपन्या आणि दुसरे कारखाने. देशात रस्ते, धरणं, वीज केंद्रं, नवे कारखाने उभे राहत असले की यांना काम असतं. खर्चाला हात आखडला की काम आटतं. साबण-बिस्किटांसारखी दरमहा ठरलेली विक्री इथे नसते.

विक्री थोडी घटली तर नफा इतका का पडतो?

समजा, कंपनीची विक्री 100 रुपये आहे. त्यात कच्चा माल वगैरे 60, तर पगार, व्याज, यंत्रांची झीज असा ठरलेला खर्च 30. नफा राहिला 10. पुढच्या वर्षी विक्री 80 वर आली. कच्चा माल 48 वर येईल, पण ठरलेला खर्च 30 च राहील. नफा उरला फक्त 2. विक्री 20 टक्क्यांनी घटली, नफा मात्र 80 टक्क्यांनी गेला. तेजीत हेच गणित उलटं फिरतं, म्हणून हे शेअर जसे झपाट्याने चढतात तसेच कोसळतात.

ऑर्डर बुक कसं वाचायचं?

हातात असलेल्या, पण पूर्ण न झालेल्या कामांची बेरीज म्हणजे ऑर्डर बुक. वर्षाची विक्री 1,000 कोटी आणि ऑर्डर 3,000 कोटी असतील, तर साधारण तीन वर्षांचं काम हातात आहे. पण ऑर्डर म्हणजे नफा नव्हे. दर आधी ठरला आणि नंतर पोलाद महागलं, तर काम करूनही हाती काही उरत नाही. दरवाढ मागण्याची सोय करारात आहे का, हे म्हणून महत्त्वाचं.

पैसा खरंच येतो का?

ऊस नियंत्रण आदेश, 1966 नुसार ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायला हवेत. तरीही बिल थकलं की काय होतं, हे शेतकऱ्याला सांगायला नको. वजन झालं, पावती मिळाली, पण घर चालवायला हातउसने घ्यावे लागतात. यंत्रं आणि बांधकामाच्या कंपन्यांचंही तसंच होतं. माल दिला की विक्री वहीत चढते, नफाही दिसतो, पण पैसे यायला महिने लागतात.

म्हणून वार्षिक अहवालात नफ्याबरोबर 'कॅश फ्लो फ्रॉम ऑपरेशन्स' ही ओळ बघावी. नफा दरवर्षी वाढतोय, पण ही रक्कम सतत तुटीत आणि येणी फुगतायत, तर सावध राहावं. हे अहवाल एनएसई, बीएसईच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. प्रवर्तकांनी स्वतःचे शेअर गहाण ठेवलेत का, हेही तिथेच दर तिमाहीला कळतं.

कर्जाने काय होतं?

सातारा, धुळे जिल्ह्यांतल्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या करणाऱ्या कंपन्यांपैकी एक पुण्याची सुझलॉन. 2005 मध्ये तिने 510 रुपयांना शेअर विकला. पुढे एका शेअरचे पाच झाले, तरी जानेवारी 2008 मध्ये भाव 400 च्या वर होता. मधल्या काळात कंपनीने जर्मनीतली आरई-पॉवर ही कंपनी घेतली आणि कर्ज वाढलं. जागतिक मंदी आली, काम मंदावलं आणि ऑक्टोबर 2012 मध्ये परदेशी रोखे फेडता आले नाहीत. 2020 मध्ये शेअर 2 रुपयांच्या आसपास होता. कर्ज हलकं झाल्यावर 2024 मध्ये तो 80 च्या वर गेला, पण 2008 ला घेणाऱ्याचं मुद्दल त्यानेही भरून निघालं नाही. या सगळ्या काळात डोंगरावरच्या पवनचक्क्या फिरतच होत्या.

स्वस्त शेअर म्हणजे कोणता?

300 रुपयांचा शेअर आणि प्रतिशेअर वर्षाची कमाई 30 रुपये, म्हणजे पी-ई 10. हा आकडा लहान, म्हणून शेअर स्वस्त, असं या क्षेत्रात धरू नये. तेजीच्या शिखरावर कमाई सर्वांत जास्त असते, त्यामुळे पी-ई लहान दिसतो. कमाई 10 वर आली की त्याच भावाला पी-ई 30 होतो. निदान सात-आठ वर्षांची सरासरी कमाई धरून हिशेब करावा.

पैसे लावण्यापूर्वी

पुढच्या हंगामाचं बी-भांडवल, मुलांची फी, दवाखान्याचा पैसा यात घालू नये. पाच वर्षं लागणार नाही एवढीच रक्कम, तीही टप्प्याटप्प्याने आणि एकाच कंपनीत न अडकवता लावावी. अहवाल वाचायला वेळ नसेल, तर अनेक क्षेत्रांत पैसा विभागणारा म्युच्युअल फंड बरा.

शेती उत्पन्नाला आयकर नसला, तरी शेअरच्या नफ्याला आहे. 23 जुलै 2024 पासून, बाजारात विकलेला नोंदणीकृत शेअर 12 महिन्यांपर्यंतच ठेवला असेल तर नफ्यावर 20 टक्के कर आहे. त्याहून जास्त ठेवला, तर वर्षाला सव्वा लाखावरच्या नफ्यावर 12.5 टक्के.

ब्रोकर सेबीकडे नोंदणीकृत आहे का, हे आधी तपासावं. 'दुप्पट करून देतो' म्हणणाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात पैसे टाकू नयेत, ओटीपी सांगू नये. ऑनलाइन फसवणूक झालीच, तर लगेच 1930 वर फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.